आबांनी बासचा गळा सरळ केला

मागच्या उन्हाळ्यात, मे महिन्यातल्या एका रविवारी, सकाळी साडेनऊ ते पावणेबारा या वेळात, लासुर्ण्यात आबांनी दाजींच्या बास गिटारचा गळा सरळ केला. तो पूर्ण सरळ करायचा नसतो.

आबा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे सासरे. वय चौऱ्याहत्तर. वालचंदनगरला कंपनीत फिटर म्हणून लागले आणि फिटर म्हणूनच निवृत्त झाले. मधली बढती त्यांनी नाकारली, कारण त्यात हातात पान्याऐवजी वही आली असती. दाजी त्यांचे थोरले चिरंजीव, वय सत्तेचाळीस. लासुर्ण्यात रस्त्याला लागून ठिबकच्या सामानाचं दुकान आहे आणि लग्नसराईत ते बारामतीच्या एका ऑर्केस्ट्रात बास वाजवतात. मी बारामतीत एका दैनिकात उपसंपादक आहे. त्या रविवारी सुट्टी होती, म्हणून घटनेच्या वेळी तिथे हजर होतो.

बास म्हणजे चार जाड तारांची गिटार. तिचा आवाज खालचा, पोटात लागणारा. दाजींचं म्हणणं असं, की बास वेगळी ऐकू येत नाही, पण ती थांबली तर गाणं पोकळ होतं. ताईचं म्हणणं असं, की ती थांबली तर कुणाला कळत नाही. दोन्ही म्हणणी तपासायची संधी त्या आठवड्यात मिळाली.

दाजींनी ही बास अठरा वर्षांपूर्वी पुण्यातून जुन्यात घेतली. तिच्या गळ्यावर, म्हणजे तारा ज्यावरून जातात त्या लांब दांड्यावर, धातूच्या आडव्या पट्ट्या आहेत, त्यांना फ्रेट म्हणतात. तार फ्रेटवर दाबली की सूर बदलतो. तार फ्रेटच्या फार जवळ असली तर वाजताना घासते आणि खरखर येते. खालच्या टोकाला तारा ज्यावर टेकतात त्या घोडीवर प्रत्येक तारेसाठी बारीक स्क्रू असतात. ते फिरवले की तार वर-खाली होते.

दाजींनी एवढ्या वर्षांत या स्क्रूंचा एकच उपयोग केला. खरखर आली की अर्धा आटा फिरवायचा आणि तार वर घ्यायची. काही महिन्यांनी शेजारची तार खरखरली की तीही वर. खाली आणायची वेळ आली नाही, कारण उंच तारेबद्दल ऐकणारे तक्रार करत नाहीत. तक्रार करतात ती बोटं, आणि बोटांना दाजी फारशी किंमत देत नव्हते. त्या मार्चपर्यंत अशी स्थिती आली, की बाराव्या फ्रेटवर, म्हणजे तारेच्या बरोबर मध्यावर, सगळ्यात जाड तारेखालून आगपेटीच्या दोन काड्या एकावर एक धरल्या तरी आरपार जात. हे मी स्वतः करून पाहिलं आहे.

एवढ्या उंच तारा दाबायला जोर लागतो. दाजींनी जोर वाढवला नाही, सूर कमी केले. ज्या गाण्यात बासला अकरा सूर होते तिथे ते चार वाजवू लागले. आणि ते चार इतक्या ठामपणे, की नवख्याला वाटावं चाल तशीच बांधलेली आहे. होळीनंतर त्यांचा हात पाचव्या फ्रेटच्या पुढे गेलेला नाही, अशी माहिती कीबोर्ड वाजवणाऱ्या गुरुजींनी दिली. गुरुजी लोणी भापकरच्या बाजूला प्राथमिक शाळेवर आहेत. हजेरी ठेवायची त्यांना सवय आहे.

ऑर्केस्ट्रा चाचांचा. चाचांचं बारामतीत तयार कपड्यांचं दुकान आहे, गातातही तेच. त्या रविवारच्या आधीच्या बुधवारी ते आपल्या शेतासाठी ठिबकचा फिल्टर घ्यायला दाजींच्या दुकानात आले. फिल्टर बांधून झाल्यावरही उठेनात.

"बासवाले, एक इचारू? राग न्हाय ना?"

"इचारा की."

"तुमी वाजवताय, का नुसतं गळ्यात घालून हुबं ऱ्हाताय?"

"वाजवतोय की, चाचा."

"मग मला ऐकू का येत न्हाय? माझं कान गेलं व्हय?"

दाजींनी कानांबद्दल मत दिलं नाही. बोटं दुखतात, तारा कडक झाल्यात, एवढं म्हणाले.

चाचा म्हणाले, "गुरुजी म्हनत्यात, बास मी डाव्या हातानं देतो. त्यांचा डावा हात तसाही रिकामाच असतो. मला ते पटत न्हाय. पर तुमी असं गप ऱ्हायलात तर पटवून घ्यावं लागंल. ह्या न्हाय, पुढच्या रविवारी वालचंदनगरला कॉलनीत रिटायर लोकांचा मेळावा हाय, संध्याकाळी पाचला. तवर हात मोकळा झाला तर बास तुमचीच. न्हाय झाला तर तुमी समोर बसा, पोहे खावा, टाळ्या वाजवा. टाळ्याला कुठं बोटं दुखत्यात?"

दुकानाच्या मागच्या खोलीत आबा खाटेवर पडून हे ऐकत होते. मेळाव्याचं आमंत्रण त्यांना आठवड्यापूर्वीच आलं होतं. कंपनीतल्या ज्या शॉपमध्ये, म्हणजे विभागात, त्यांनी पस्तीस वर्षं काढली, तिथली हयात माणसं दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत बसणार होती. मुलगा काय करतो असं त्यांनी विचारलं की आबा "ठिबकचं दुकान" असं सांगत. पुढचं सांगत नसत. घरात ते बासला "लाकूड" म्हणत आणि अठरा वर्षांत त्यांनी तिला हात लावलेला नव्हता.

रविवारी सकाळी चहा झाल्यावर ते म्हणाले, "आण ते लाकूड हिकडं."

दाजींनी आणलं. ओसरीवर गोधडी चौघडी घालून त्यावर ठेवलं. आबांनी आतून आपली लाकडी पेटी आणली. या पेटीला घरातलं दुसरं कुणी हात लावत नाही. ताई झाडतानासुद्धा तिच्या कडेने झाडते. पेटीतून दोन फुटी पोलादी पट्टी निघाली, आणि तेलकट फडक्यात गुंडाळलेलं फीलर गेज निघालं. फीलर गेज म्हणजे वेगवेगळ्या जाडीच्या पातळ पोलादी पानांची जुडी. दोन भागांमधल्या फटीत एकेक पान घालून बघायचं. जे पान अडखळत जातं तेवढी फट.

आबांनी बास बंदुकीसारखी उचलली, एक डोळा मिटला आणि गळ्याच्या टोकाकडून बघितलं.

"पोट आलंय ह्याला," ते म्हणाले.

"कुणाला?" ताईने आतून विचारलं.

दाजींनी शर्ट खाली ओढला. आबांनी पट्टी गळ्यावर उभी धरली. दोन्ही टोकांना ती टेकली, मध्ये टेकली नाही. आठव्या फ्रेटवर त्यांनी पानं घालून पाहिली. शून्य पूर्णांक नव्वद शतांश मिलिमीटर. मग बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची घेतली. पाच मिलिमीटर आणि वर थोडं.

"पावनं, लिवून घ्या," आबा मला म्हणाले. "न्हायतर मागनं ह्यो म्हनंल, मीच केलं."

मी एका लग्नपत्रिकेच्या पाठीमागे लिहून घेतलं. या लेखातले आकडे त्या पत्रिकेवरचे आहेत.

गळ्याच्या आतून एक सळई जाते. तिचं तोंड वरच्या टोकाला उघडं असतं. तिथे ॲलन की, म्हणजे सहाकोनी किल्ली, लावून आवळली की गळा सरळ होतो, सैल केली की तारांच्या ओढीने पुन्हा वाकतो. हे दाजींना माहीत होतं. आणखी एक गोष्ट त्यांना माहीत होती, आणि नऊ वाजून चाळीस मिनिटांनी त्यांनी ती सांगितली.

"आबा, थोडा बाक ठेवत्यात म्हणं."

"कोन म्हनतं?"

"मोबाइलवर एक जण सांगत हुता."

"कुठल्या शॉपला हुता त्यो?"

दाजी मोबाइलमध्ये ते शोधू लागले.

"बाक ठेवत्यात म्हणं! शाफ्टला बाक ठेवत्यात का? लेथच्या बेडला ठेवत्यात का? मग ह्या लाकडानंच काय घोडं मारलंय?"

आक्षेप तिथेच निकालात निघाला. घरात बाक असलेली एकच वस्तू चालते आणि ती म्हणजे आबांची पाठ, असं ताई चहाचे कप उचलताना म्हणाली. पण ते माझ्याकडे बघून आणि हळू.

काम नीट झालं, हे नोंदवलं पाहिजे. आबांनी एकदम जोर केला नाही. पाव फेरा आवळायचा, अर्धा तास थांबायचं, पुन्हा पट्टी धरायची. लाकडाला सवय व्हायला वेळ लागतो, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. मधल्या वेळात त्यांनी घोडीचे स्क्रू एकेक करून साफ केले, गंजलेल्यांना तेलाचा थेंब दिला, आणि वायर खोचायचा जॅक हलतो म्हणून दाजींनी त्याला गुंडाळलेला पाइपाचा टेप दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवला.

"ह्ये काय? गळत हुतं का?"

चौथ्या पाव फेऱ्यानंतर पट्टी गळ्यावर अशी बसली की सगळ्यात पातळ पानही खाली जाईना. मग आबांनी तारा खाली घेतल्या. बाराव्या फ्रेटवर दीड मिलिमीटर, चारही तारा एका पातळीत. पावणेबारा वाजता त्यांनी फडक्याने गळा पुसला आणि बास दाजींच्या हातात दिली.

"आता बोटं दुखली तर डाक्टरकडं जा," ते म्हणाले.

दाजींनी जाड तार दाबली. नुसत्या बोटाच्या वजनाने दाबली गेली. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी होळीच्या आधीपासून पाहिलेलं नव्हतं. त्यांनी तार छेडली.

खरखर आली. दुसऱ्या फ्रेटवर आली, तिसऱ्यावर आली. पाचव्यावर सूर कमी आणि खरखर जास्त होती. चारही तारांवर, जिथे हात ठेवावा तिथे.

"मिक्सर कुणी लावलाय?" आतून ताई.

आबांनी आधी आवाजाच्या डब्यावर, म्हणजे ॲम्प्लिफायरवर, संशय घेतला. दाजींनी डबा बंद करून नुसती तार छेडली, खरखर तशीच. मग आबांनी तारांवर संशय घेतला. मग दाजींच्या बोटांवर. शेवटी पट्टी पुन्हा गळ्यावर धरली. गळा सरळ होता. "माप बरोबर हाय," ते म्हणाले, आणि ते खरं होतं.

दाजींचा हात सवयीने घोडीच्या स्क्रूकडे गेला. अर्धा आटा. ते स्क्रूही ॲलन कीनेच फिरतात. आबांनी ती उचलली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली.

"वर घ्यायची न्हाय. वर घेऊन घेऊनच ह्यो खेळ झालाय."

 दुपारी जेवताना आबांनी रोजच्यापेक्षा एक भाकरी कमी खाल्ली. ताईने याला दुजोरा दिला.

गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता बारामतीत चाचांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर तालीम झाली. माझं कार्यालय तिथून चालत पाच मिनिटांवर आहे. चारही बाजूंना शर्टांचे खोके, मध्ये पाच माणसं. पहिलं गाणं सुरू झालं आणि दुसऱ्याच ओळीला चाचांनी हात वर केला.

"थांबा. ही खरखर कुठनं येतीय? पंखा हाय का?"

ड्रमवाल्याने पंखा बंद केला. गाणं पुन्हा सुरू झालं. चाचांनी पुन्हा हात वर केला आणि पंखा लावायला सांगितलं.

"बासवाले, परवा तुमी ऐकू येत नव्हतासा," ते म्हणाले. "आता येताय. पर ही ऊसतोडीची ट्रॉली कुठनं जोडून आनली?"

दाजींनी खरं ते सांगितलं, की वडिलांनी दुरुस्त केली. चाचांनी डोक्याला हात लावला नाही, हसलेही नाहीत. वडिलांचं नाव आल्यावर ते गुरुजींकडे वळले. म्हणाले, "गुरुजी, एकदा डाव्या हातानं देऊन बघा."

गुरुजींनी दिलं. चांगलं वाजलं. दाजी खोक्यावर बसून ऐकत होते, बास मांडीवर आडवी. गाणं संपल्यावर गुरुजींनी डावा हात पँटला पुसला आणि म्हणाले, "तरी त्यात ती मजा नाही." हे त्यांनी मनापासून म्हटलं की शिष्टाचार म्हणून, ते कळायला मार्ग नाही.

चाचांनी निकाल दिला: शनिवारी दुपारी बारापर्यंत दाजींनी फोन करायचा. सूर स्वच्छ असेल तर फोनवर वाजवून दाखवायचं. नसेल तर येताना बास आणायची नाही.

परतताना दाजी जिन्यात थांबले. मी म्हणालो, "दाजी, मोबाइलवरचा माणूस बरोबर होता. आबांना सांगा ना."

"तुमी सांगा," दाजी म्हणाले. "तुमी पावनं हायसा. तुमाला चहा तरी मिळंल."

मी सांगितलं नाही.

शुक्रवारी मी तिथे नव्हतो. पुढचं ताईने फोनवर सांगितलं आणि दाजींनी वेगळं सांगितलं. दोन्ही हकिकती जुळतात, दोन तपशील सोडून.

सकाळी साधारण आठ वाजता दाजी ओसरीवर बास घेऊन बसले. आबा समोर जमिनीवर, भिंतीला टेकून. दाजी जाड तार पुन्हा पुन्हा छेडत होते. ताईच्या म्हणण्याप्रमाणे वाजवायला म्हणून नाही, आबांना ऐकवायला म्हणून. दाजींना हे मान्य नाही. उन्हाची तिरीप दाजींच्या मागच्या चुन्याच्या भिंतीवर आली होती. आबांचा डोळा तारांच्या पातळीत होता. छेडलेली तार त्यांना पांढऱ्या भिंतीसमोर दिसली.

"थांब," ते म्हणाले. "परत वाजव."

दाजींनी वाजवलं.

"परत. जोरात."

असं सात-आठ वेळा झालं. मग आबा उठले, पेटीतून लहान स्टीलची पट्टी आणली आणि तारेच्या मागे धरली. वाजणारी तार म्हणजे एक रेघ नव्हती. दोन्ही टोकांना बारीक आणि मध्ये फुगलेली, सूत कातायच्या चातीसारखी दिसत होती. मधला फुगवटा चांगला चार मिलिमीटरचा होता. तिच्या खाली गळा सरळ होता, आणि मध्यावरचं अंतर दीड मिलिमीटर.

आबांनी पट्टी खाली ठेवली. मग म्हणाले, "आरं, ही फिरतीय की."

आबांनी तार स्वतःच एकदा छेडली.

"म्या थांबल्या मशिनीचं माप घेतलं. पस्तीस वर्सं पोरांना सांगितलं, शाफ्ट चालू झाल्यावर किती उडतोय ते आधी बघा, मग क्लिअरन्स ठरवा. बेरिंगला जागा न्हाय ठेवली तर बेरिंग वरडतं. ही बी वरडतीय. मधी फुगती, तर मधी जागा नको का द्यायला?"

"तेच म्हनत हुता त्यो मोबाइलवाला," दाजी म्हणाले.

न जुळणारा दुसरा तपशील इथला आहे. दाजी सांगतात, की यावर आबा म्हणाले, "बरोबर हुता त्यो." ताई सांगते, की आबा म्हणाले, "तू नीट सांगितलं न्हायस." आबांना मी विचारलं. त्यांनी दोन्ही नाकारलं.

ॲलन की खिशातून निघाली. पाव फेरा सैल. आबा घड्याळ लावून बसले. अर्धा तास झाल्यावर पान घातलं, पंधरा शतांश. आणखी पाव फेरा. पुन्हा अर्धा तास. या वेळेत दुकान उघडायला उशीर झाला आणि एक गिऱ्हाईक ओसरीपर्यंत आलं. आबांनी त्याला बसवून घेतलं आणि तार कशी फुगते ते दाखवलं. त्याला ठिबकच्या नळीचं, लॅटरलचं, बंडल पाहिजे होतं.

साडेदहाला आठव्या फ्रेटवर तीस शतांशचं पान अडखळत गेलं. आबांनी तिथे थांबायचं ठरवलं. मग तारा. जाड तार बाराव्या फ्रेटवर अडीच मिलिमीटर, सगळ्यात बारीक तार दोन, मधल्या दोन त्यांच्या दरम्यान. आधी चारही एका पातळीत होत्या. या वेळी आबांनी प्रत्येक तार वाजवून तिचा फुगवटा बघितला आणि जिचा जास्त तिला जास्त जागा दिली. तारांची उंची बदलली की सूरही किंचित हलतो, म्हणून दाजींनी मोबाइलवर सूर बघत घोडी पुढे-मागे केली. तेवढं काम आबांनी त्यांना करू दिलं.

दाजींनी पाचवा फ्रेट वाजवला. मग सातवा. मग बारावा. आतून ताई काही बोलली नाही. दोघंही थोडा वेळ वाट बघत होते, असं दाजी सांगतात.

शनिवारी सकाळी पावणेबाराला दाजींनी चाचांना फोन लावला, मोबाइल गोधडीवर ठेवला आणि अकरा सुरांची ती चाल पूर्ण वाजवली. पलीकडून चाचा म्हणाले, "पुन्यांदा." पुन्हा वाजवली. चाचा म्हणाले, "कोन वाजवतंय? बासवाल्याला फोन द्या."

रविवारी संध्याकाळी पाचचा कार्यक्रम पाच वाजून पंचवीस मिनिटांनी सुरू झाला, कारण पोहे आधी आले. कॉलनीच्या मैदानात मांडव होता. मी कडेच्या खुर्चीवर होतो. आबा दुसऱ्या रांगेत, धुतलेल्या पांढऱ्या सदऱ्यात. त्यांच्या दोन्ही बाजूंना त्यांच्या शॉपमधली माणसं. त्यांतल्या दोघांना कमी ऐकू येतं, हे त्यांनीच मला मोठ्याने सांगितलं.

चौथं गाणं ते अकरा सुरांचं होतं. त्यात कडव्यानंतर बाकीची वाद्यं थांबतात आणि थोडा वेळ फक्त बास आणि ड्रम राहतात. तिथे येईपर्यंत दाजींचा हात तिसऱ्या फ्रेटच्या आसपास होता. चाचांनी माईक खाली घेतला आणि दाजींकडे बघितलं. गुरुजींचा उजवा हात कीबोर्डवर होता. डाव्या हातात त्यांनी पाण्याची बाटली धरली होती.

दाजींचा हात पाचव्या फ्रेटवर गेला, तिथून सातव्यावर, आणि अकरा सूर वाजले. खरखर आली नाही. नवव्या सुराला दाजी किंचित घाई करून गेले. ते नंतर त्यांनी स्वतःच सांगितलं, समोर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

आबांच्या उजवीकडच्या गृहस्थांनी, ज्यांना कमी ऐकू येतं, छातीवर हात ठेवला आणि विचारलं, "हे हितं काय वाजतंय? धडधडतंय नुसतं. मला काय झालं का?"

"काय झालं न्हाय तुमाला. बास हाय ती," आबा म्हणाले.

"कोन वाजवतंय?"

"माझा थोरला."

"त्याचं तर ठिबकचं दुकान हाय ना?"

"दुकान बी हाय," आबा म्हणाले.

मग त्यांनी त्या गृहस्थांना वाजणारी तार मध्ये कशी फुगते आणि तिला किती जागा द्यावी लागते ते समजावून सांगितलं. पुढची दोन गाणी त्यात गेली. मागच्या रांगेतून एकाने "आबा, जरा ऐकू द्या की" असं म्हटलं. पहिल्या रविवारी गळा पूर्ण सरळ केला होता, हा भाग या माहितीत आला नाही.

सोमवारी सकाळी चाचांनी ऑर्केस्ट्राच्या ग्रुपवर पुढच्या तीन कार्यक्रमांची यादी टाकली. तिन्ही ठिकाणी पाच जण. बाससमोर दाजींचं नाव होतं आणि गुरुजींच्या नावासमोर फक्त कीबोर्ड लिहिलेलं होतं.

मंगळवारी आबांनी पुन्हा माप घेतलं आणि मला फोनवर कळवलं, पत्रिकेवर लिहून ठेवायला. आठव्या फ्रेटवर तीस शतांश. जाड तार बाराव्यावर अडीच मिलिमीटर. ॲलन की दाजींनी मागितली होती. ती आबांच्या सदऱ्याच्या खिशात आहे.